हँडबिलावर नसलेलं नाव

मृणाली : परत वाचा, आबा. वरपासून.

वाल्मीक : तीनदा वाचं. आखो कितला येळ वाचू?

मृणाली : मंडपवाल्याचं नाव आहे. जनरेटरवाल्याचं आहे. चहा देणाऱ्या धनसिंगचंसुद्धा आहे, विशेष सहकार्य म्हणून. आणि तीस वर्षं पडद्यामागे वही धरून अख्खं नाटक वाचून दाखवणाऱ्या माणसाचं?

वाल्मीक : नही शे. आते काय छापखानावर मोर्चा लई जाऊ? यात्राना हँडबिलवर मन्हं नाव दरसाल नसस.

मृणाली : आणि दरसाल तुम्हाला वाईट वाटतं.

वाल्मीक : तुले कोनी सांगं?

मृणाली : घडी करून खिशात ठेवलंय तुम्ही ते. फेकलं नाही.

वाल्मीक : जळगावले जाईसन तू वकील व्हयनी का नाटकवाली?

मृणाली : नाटकवालीच. म्हणून तर डोकं फिरलंय. लहानपणी पहिल्या रांगेत बसून अभिमनभाऊचा राजा बघायचे आणि घरी येऊन गोधडी पांघरून तसंच बोलायचे. वाटायचं, काय काम करतो हा माणूस. मोठा आवाज, मोठी मिशी, झालं नाटक.

वाल्मीक : मंग? चांगलंच करस तो.

मृणाली : कॉलेजात अख्खं पहिलं सत्र ज्योत्स्ना मॅडमनी आम्हाला तोंडच उघडू दिलं नाही. कुठलंही नाटक लागलं की डोळे मिटून बसायचं आणि नुसतं ऐकायचं. कोण कुठे थांबतं, कुठे श्वास घेतं. मागच्या यात्रेत मी गावात तशीच बसले. आबा, तुम्ही श्वास घेता तिथे अभिमनभाऊ थांबतो. तुम्ही वाक्य चढवलं की तो चढवतो. तुम्हाला खोकला आला की राजा अडखळतो. ते काम तुमचं आहे हो. त्याची फक्त मिशी.

वाल्मीक : हळू बोल. बाहेर लोके शेतस.

मृणाली : असू देत. लिलाआत्यानं मला सगळं सांगितलंय. तुम्ही पंचविशीत होतात. राजाची अख्खी नक्कल, शब्द न् शब्द, तोंडपाठ केली होती. तालमी झाल्या होत्या.

वाल्मीक : लिलाले दुसरं काम नही.

मृणाली : आणि अभिमनभाऊचे वडील आले. म्हणाले, बौद्धवाड्यातला माणूस गावासमोर सिंहासनावर बसलेला चालायचा नाही. वही तुझ्याकडेच ठेव, मागे बस, आणि माझ्या पोराला सांगत जा.

वाल्मीक : 'तुन्हं वाचन चांगलं शे' अशे बोलनात. गोड बोलनात, त्येच जास्ती लागनं. मुकुटबी मन्हा डोकाना मापना करेल व्हता. त्याले अजून ढिला व्हस. आतमा कागद कोंबस.

मृणाली : आज तिसऱ्या अंकात वही मिटा.

वाल्मीक : काय?

मृणाली : राजा स्वतःच्या मुलाला हद्दपार करतो ते भाषण. दोन पानं. त्याला त्यातलं एक वाक्य येत नाही. तुम्ही गप्प बसा. बघू दे गावाला राजाच्या पोटात काय आहे ते.

वाल्मीक : पोरी, नट आडकना ते त्याले सोडावनं, हाईच वाचनाराचं काम. ते मोडाले मन धजस नही.

मृणाली : तीस वर्षं सोडवलंत. त्यानं तुम्हाला साधी खुर्ची दिली का तिथे? तेलाच्या डब्यावर बसता.

वाल्मीक : लोके इचारतीन माले.

मृणाली : घसा बसला म्हणा.

वाल्मीक : आन तू कोठे बसशी?

मृणाली : पहिल्या रांगेत. मला त्याचं तोंड जवळून बघायचंय.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, नरडाणा स्टेशन. मृणाली जळगावला परत निघाली आहे.)

वाल्मीक : चाय ली का? गाडीले आखो येळ शे.

मृणाली : आबा, तुम्ही खरंच मिटलीत वही.

वाल्मीक : मिटी. तुन्हासाठे नही. माले बराच वरीसपासून मिटानी व्हती.

मृणाली : आणि तो उभा राहिला. घाम फुटला. तुमच्या बाजूला बघितलं, मग मुलाचं काम करणाऱ्या ललितकडे बघितलं. तोंड उघडं, आवाज नाही. मग खालीच बसला, पायरीवर. राजा, आणि पायरीवर. मी म्हणत होते, आता हसतील, आता हसतील. तर शेजारी सुगंधाबाई पदर तोंडात धरून रडायला लागल्या.

वाल्मीक : बठ्ठा गाव रडना. माले मांगे आयकू वनं.

मृणाली : त्यांना वाटलं, बापाला पोराशी बोलवत नाहीये. आणि आबा, मी पण रडले. तेच मला सहन होत नाही. मला माहीत होतं, हा माणूस विसरलाय. विसरलाय आणि घाबरलाय, बाकी काही नाही. तरी रडू आलं. दोन वर्षांपूर्वी मी पोट धरून हसले असते. शिकायला गेले आणि सूड घ्यायच्याही कामाची राहिले नाही.

वाल्मीक : तीस वरीस मी ते भाषण घसा फोडीसन वाचं. ते नही पाहिजे व्हतं तठे. काल समजनं माले.

मृणाली : तुम्ही त्याची बाजू घेताय?

वाल्मीक : त्यानी नही. नाटकनी.

मृणाली : तो बघा आला बुलेटवर. भांडायलाच आला असणार.

अभिमन : अरे वाल्मीक, तुझ्या घरी जाऊन आलो. काल काय झालं होतं रे? घसा बसला?

वाल्मीक : बसना व्हता, भाऊ.

अभिमन : देव पावला म्हण. सकाळपासून फोन बंद होत नाही माझा. शिंदखेड्याची मंडळी होती काल, पुढच्या रविवारी तिकडे प्रयोग ठरला. पोस्टरवर माझा एकट्याचा फोटो. तू फक्त एवढं कर, तिसऱ्या अंकात तिथे असाच गप्प राहा. बाकी नेहमीसारखं वाच.

मृणाली : ते जमणार नाही, भाऊ.

अभिमन : तुला कोणी विचारलं? मेकअपला हात कमी पडला तर बोलावतो तुला.

मृणाली : काल तुम्हाला खरी भीती वाटली. पुढच्या रविवारी तुम्हाला आधीच माहीत असणार की इथे गप्प बसायचंय. मग भीती कुठून आणाल? ती करून दाखवावी लागेल. एकट्यानं, दोन मिनिटं, एकही वाक्य हाताशी नसताना. आमच्या वर्गात वर्षभर तेवढंच करतात, तरी एखाद्याला येतं. तुम्हाला नाही येत. काल सगळं गाव फसलं, शिंदखेड्याला नाही फसणार.

अभिमन : हे कॉलेजचं शहाणपण जळगावात दाखव. वाल्मीक, तू येतोस ना रविवारी?

वाल्मीक : येस ना.

मृणाली : आबा.

वाल्मीक : येस मी. पन पडदामांगे नही. समोर बससू, पहिली रांगमा. तीस वरीसमा हाई नाटक मी समोरथून एकदाबी देखेल नही. तुम्हना तोंडकडे देखसू, भाऊ, सुरुवातपासून शेवटलोंग.

अभिमन : चेष्टा करू नको. नाव पाहिजे का तुला पोस्टरवर? छापतो. माझ्या नावाखाली छापतो.

वाल्मीक : आते नको.

अभिमन : वाल्मीक, अरे... मंग माले वाक्य सांगी कोन?

वाल्मीक : कोनीच नही. हाई वही धरा. आठ दिन शेतस, नक्कल पाठ करा.