मॅडमना शेंगा सोलता येत नाहीत

सन्माननीय अध्यक्ष, आपले मुख्याध्यापक मनोहरराव सर, व्यासपीठावरील मान्यवर, आज ज्यांच्या निवृत्तीच्या निरोपासाठी हे सभागृह भरलं आहे त्या आपल्या दीप्ती मेश्राम मॅडम, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या मातोश्री बायजाबाई, सर्व शिक्षकवृंद, पालक बंधुभगिनींनो आणि मागे समोशांच्या वासाने अस्वस्थ झालेल्या माझ्या बालमित्रांनो,

मी शामला, पालकांच्या वतीने दोन शब्द बोलायला उभी आहे. पाच मिनिटं मिळाली आहेत. आमचे यजमान सुशीलराव म्हणाले, "पाच मिनिटांत तं तुझं अध्यक्षांचं नावही होत नाही." ते तिसऱ्या रांगेत बसले आहेत. त्यांच्याबद्दलही बोलणार आहे, तेव्हा आतापासून मान खाली घालू नका म्हणावं.

सज्जनहो, शाळेतून बोलावणं आलं की आपण पालक काय समजतो? पोरानं काहीतरी दिवे लावले! आम्हीही तेच समजलो होतो. नरखेड तालुक्यातलं गाव सोडून आम्ही नुकतेच इथे नागपुरात, सक्करदऱ्याला राहायला आलो होतो. नंदिनीला या शाळेत दुसरीत घातलं. गावी जिचा आवाज संत्र्याच्या बागेच्या या टोकाहून त्या टोकाला जायचा, ती पोरगी इथे वर्गात तोंडच उघडेना. दिवाळी झाली, तरी नाही. शेवटी घरात ठरलं की तिला गावी आजी-आजोबांकडेच ठेवावं, तिथल्या शाळेत घालावं. मी तिचे कपडे वेगळे काढले. काढता काढता रडले, हे आज पहिल्यांदाच सांगते आहे.

तेवढ्यात मॅडमचं बोलावणं आलं. गाडीवर मी रस्ताभर यजमानांना बजावत होते, "तुम्ही काही बोलू नका जी, मी पाहून घेईन."

मॅडमनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "तक्रार नाही करायची मला. नंदिनी मला अजून कळलीच नाही. ती तुमच्याजवळ जन्मापासून आहे. मला सांगा, ती घरी बोलते तरी केव्हा?"

आता तुम्हीच सांगा, शिकवणाऱ्या बाईंनी 'मला कळलं नाही' म्हणावं? मी गडबडलेच. "बोलते न मॅडम, दिवसभर बोलते," म्हणून मोकळी झाले. मॅडम नुसत्या थांबल्या. त्यांची ही पद्धत तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. एकदा विचारलं की उत्तर त्या स्वतः पुरवत नाहीत. आणि आमचे मौनीबाबा बोलते झाले.

"हात कामात असले का बोलते, मॅडम. बागेत संत्री निवडाले बसली का थांबतच नाही. रिकामी बसवली का गप. मीही तसाच आहो."

आणि वर्गात आपण मुलांना पहिलं काय शिकवतो? हाताची घडी, तोंडावर बोट!

दुसऱ्या दिवशी मॅडम तुरीच्या ओल्या शेंगांची पिशवी घेऊन वर्गात गेल्या. मुलांना गोल बसवलं. दाणे मोजू या म्हणाल्या आणि स्वतःच सोलायला लागल्या. थोड्या वेळाने नंदिनीच्या तोंडून या शाळेतलं पहिलं वाक्य बाहेर पडलं.

"काहून जी मॅडम, तुमाले शेंगा सोलता येत नाही का? द्या इकडे!"

हसा, हसा. मी मात्र त्या संध्याकाळी काढून ठेवलेले कपडे परत कपाटात ठेवले. माझं लेकरू माझ्याजवळ राहिलं. आज ती नववीत आहे. वर्गात फार बोलते म्हणून गेल्या महिन्यात शाळेतून बोलावणं आलं होतं. आम्ही दोघं नवे कपडे घालून गेलो.

आज सगळे वक्ते म्हणाले, मॅडम, आता आराम करा. पण आराम त्यांना मानवेल का, हे कोणी विचारलं? लेकराबद्दल जाणायचं तर घरी विचारा, हे आम्ही मॅडमकडूनच शिकलो. म्हणून मी परवाच बायजाबाईंकडे जाऊन आले. म्हटलं, आजी, तुमची दीप्ती घरी कशी असते? आणि मॅडमसारखीच गप्प बसले. तुम्हाला वाटतं त्यापेक्षा हे फार अवघड आहे!

आजी म्हणाल्या, "दारातून आत येत नाही वं, तं सांगाले लागते, आज वर्गात कोण बोललं. चहा थंडा होऊन जाते तिचा. सोमवारपासून काय सांगन मले? तिच्या गप बसण्याचीच धास्ती लागून राहिली मले."

मॅडम, तुमच्या आईने तुमची चुगली केली आहे आणि आम्ही पालकांनी त्यावर उपायही ठरवला आहे. सोमवारी संध्याकाळी नंदिनी आणि तिच्या मैत्रिणी तुमच्या अंगणात हजर होतील. पुढे रोज कोणी ना कोणी येईल. तुम्हाला विचारलेलं नाही, कळवते आहे. शेंगा गावाहून आल्या आहेत, पोतंभर. बायजाबाई म्हणतात, तुम्हाला त्या अजूनही धड सोलता येत नाहीत.

बोलायची संधी दिली त्याबद्दल शाळेचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राहून गेला असेल, थट्टा जास्त झाली असेल, तर लेकीबाळीचं बोलणं म्हणून पोटात घाला. सुशीलराव, तुम्ही घरी गेल्यावर घाला.

आणि मॅडम, सोमवारचाही चहा थंडच होऊ द्या. नमस्कार.