गालाला लावून

ग्वादालाहाराला ऑपरेशनसाठी नेलेली माझी बायको रेमेदिओस गेल्याचा निरोप आला, त्या दिवशी मी खोगिरावर फुलं कोरायला कातडं भिजवून ठेवलं होतं. ते तसंच वाळून वाया गेलं. महिन्याभराने नवं घ्यायला मी कोलोत्लान गावातल्या कातड्याच्या दुकानात रांगेत उभा होतो. पुढे एक म्हातारं जोडपं होतं.

“अहो, पोटाचं नको. ताणलं की फुलं वाकडी होतील. पाठीचं घ्या.”

“तूच निवड.”

“निवडते. पण भिजवायचं तुम्हालाच आहे. उद्या माझं ऑपरेशन.”

“तू येईपर्यंत थांबतो की.”

“आणि गिऱ्हाईकाने जत्रेत घोडा नागडा न्यायचा?”

“अगं, कोरण्याजोगं कधी झालं ते मला कळत नाही. आजवर तुझ्याच गालाला लावत आलो.”

“तुम्हाला गाल नाही? फक्त दाढी करा आधी. गार लागलं, पण ओलं नाही लागलं, की कोरा.”

“आणि तू परत आलीच नाहीस तर?”

“पुढे सरका. मागचे खोळंबलेत.”

“पैसे तूच मोज.”

“मोजते. सरका.”

मीही पाठीचंच कातडं घेतलं. ते अजून भिजवलेलं नाही.