बुनथानचा दोरा

नाही हो बाई, पाणी नको, आधी ते दार लावून घ्या — बुनथान बाहेर दवाखान्याच्या बाकावरच बसलाय. त्याला वाटतंय, गोळ्यांवरून तुमची बोलणी खायला आणलंय मी त्याला. आणि मला समजवत बसू नका, मला सगळं समजतं! मागल्या खेपेला चित्रं दाखवून सांगितलंत ना — एचआयव्ही एका ताटात जेवून होत नाही, शिवून होत नाही. पोटचा पोरगा आहे माझा. एकाच टोपलीतला भात खातो आम्ही — म्हणजे आधी मी माझा काढून घेते, मग टोपली त्याच्याकडे सरकवते. पण ते आपलं सवयीनं.

काल त्याला दोरे बांधले. आज दुपारच्या गाडीनं तो मेकाँगपलीकडे निघालाय, थायलंडात, कामावर — आणि घरच्यांनी मनगटाला दोरा बांधल्याशिवाय आपल्या लाओ माणसाचे बत्तीस जीव अंगात टिकतात होय? मामानं बांधला, शेजारणींनी बांधला — त्यांना कुठं काय ठाऊक आहे! माझी पाळी आली अन्... मनगटावर ओरखडा होता हो. बांबू तासताना लागलेला. माझी बोटंच आखडली. मी दोरा त्याच्या तळहातावर ठेवला, म्हटलं, 'तूच बांध.' स्वतःचा दोरा स्वतः कोण बांधतं, बाई? एका हातानं गाठ तरी बसते का? सगळे बघत होते. तो हसला, मूठ मिटली, उठून गेला.

सकाळी बघते तर गोळ्यांची बाटली चुलीमागे. 'राहू दे,' म्हणतो, 'काय करायच्यात?' मला भीती वाटतेय हो, फार भीती वाटतेय. गोळ्या सोडून तिकडे एकटा मरेल तो. तुम्हाला सवय आहे असल्या लोकांची — असल्या म्हणजे — अहो, तसं नाही... तुम्ही बांधा ना तो दोरा. माझ्या नावानं. एवढंच.

काय? सुकलेल्या ओरखड्याला हात लागून नाही होत? नक्की? आणि गोळ्या चालू ठेवल्या तर म्हातारा होईल तो? माझ्यासारखा? बरं... बरं. पण बोटंच ऐकत नाहीत त्याला मी काय करू? — थांबा, हाक नका मारू त्याला! अहो —

ये. बस. मूठ उघड. अजून धरूनच ठेवलायस होय रे मेल्या? पार मळलाय घामानं. दे इकडे. मनगट पुढे कर, गाठ मारते. लागलं बोट ओरखड्याला... लागू दे. आणि ही तुझी बाटली, पिशवीत टाक आधी.

बाई, तुम्ही जरा बाहेर बसता का?