बिनमासोळीचं पाणी

मी गोरेगाव तालुक्यातला, सारा जलम धानाच्या बांधीत गेला, दुसरी पास झालो अन् बापानं बैलं हाती देल्ले, तवापासून कोणापाशी हात पसरलो नाही, मीठसुदिक मांगलो नाही, गावात कोणालेही विचारा.

मागच्या हिवाळ्यात घरवाली न्हाणीत पडली, खुब्याचं हाड मोडलं, तवापासून खाटेवर. तिचं मन रमावं म्हणून पोरानं गोंदियाहून काचेची पेटी अन् रंगीत मासोळ्या आणल्या, अन् त्याच दिवशी बोरचं पाणी भरून देल्ल्या सोडून. काय सांगू तुमाले, दोन दिवसात साऱ्या उलट्या. माही बुडी म्हणे, मले मरण दाखवाले आणलं का हे, अन् भिताडाकडं तोंड करून निजली ते जेवाले उठवलं तरी उठे ना. पोरगा म्हणे, फेकून देऊ पेटी. मी म्हटलो, काऊन फेकाची, याच घरात मासोळी जगवून दाखवतो.

गोंदियाले गेलो तं दुकानदार म्हणे, चाचा, पहले खाली पानी चलाओ, मछली बाद में. नव्या पाण्यात मासोळीची घाणच तिले मारते, ते घाण खाणारे बारीक जीव आधी पाण्यात बसाव लागते. मले पटलं, आपणही नांगरल्याबरोबर धानाचा रोवणा नाही करत, चिखल बसू देतो. रेती धुतलो, पाणी भरलो, मोटर लावलो, मासोळी नाही तरी त्या बारीक जीवायसाठी रोज चिमूटभर दाणा टाको. शेजारी दारातून म्हणे, काय पाटील, पाण्याले जेवू घालून राहिले का. म्हटलो, हो, तुह्या घरचं तं नाही ना घालत.

पाणी गढूळलं, मंग निवळलं, काचेवर बुळबुळीत थर आला, मी खुश. अन् एक दिवस वावरातून येतो तं सून म्हणते, मामाजी, पाहा कशी चकचकीत केली. तिची काय चूक, आमच्या घरी शिळं पाणी ठेवतच नाही, पाण्याचा गुंड घासून रोज ताजं भरते ते, तशीच तिनं पेटीही पावडरनं घासली. बसलेलं सारं नालीत गेलं. म्हटलो, बाई, तो थरच तं मासोळीले जगवते.

पुन्हा दुकानात. तो म्हणे, चालत्या पेटीतला मळका स्पंज टाकला तं पाणी लवकर तयार होते. आता मांगाचा कोणापाशी, त्याच्यापाशीच. एक गिऱ्हाईक गेलं, दुसरं गेलं, मी उभाच. मंग म्हटलो, बेटा, तुमच्या पेटीतली थोडी घाण द्या. तो हासला, पण स्पंज देल्ला. यष्टीत थैली मांडीवर, बाजूची बाई नाकाले पदर लावून म्हणे, बाबाजी, काय सडलं हे. म्हटलो, खिडकीकडं पाहा ना, हे माया घरवालीसाठी आहे.

स्पंज टाकून पाणी भरलो, यावेळी सून पेटीले कोणाले हात लावू दे ना, मलेसुदिक. मंग शिशीत पेटीचं पाणी नेलो, दुकानदारानं औषधाचे थेंब टाकून तपासलं, म्हणे, अब ले जाओ. दोनच मासोळ्या आणलो. थैली पाण्यावर तरंगत ठेवलो, मंग हळूच सोडलो. बुडी भिताडाकडूनच म्हणे, जित्त्या आहेत का. म्हटलो, पलटून पाहा, मी नाही सांगत. पलटली.

आता सकाळी उठली का आधी त्यायच्याशी बोलते, भातही मांगून घेते, माया चहाचं ध्यान मात्र कोणाले नाही. राहू द्या. देवानं त्या तिघींले असंच ठेवाव, चहा मी मांडतो.