ओट्यावरचा कर्णा

ठकूबाई : फोनोचा कर्णा भिंतीकडं न्हाई, गल्लीकडं करा.

गेनू : अगं, आदी वाजू तर दे. आत नेऊन लावू, दार पुढं करून. नीट वाजला तर भाईर काढू.

ठकूबाई : दार पुढं करून ऐकायचं तर एवढा खटाटोप कशापायी केला? सुट्टीचा रविवार आला की सायकल काढून पुण्याला, जुन्या बाजारात.

गेनू : म्हनून तर भ्या वाटतंय. मशीन भंगारातलं, पेटी कंपनीच्या मोडक्या खोक्याची, कर्णा रॉकेलच्या डब्याचा. आवाजाच्या पडद्याला अभ्रक लावलंय ते जळक्या इस्त्रीतलं. ह्यातलं एक जरी रुसलं तरी आळीत हसं व्हईल.

ठकूबाई : व्हऊ द्या. दौलतआबांच्या दारात माजं हसं झालं, तवा तुमी शिफ्टला होता.

गेनू : झालं ते झालं.

ठकूबाई : आमी त्यांच्या ओट्यावर बी नव्हतो. गोठ्याच्या कुडामागं उभ्या राहून फोनो ऐकत होतो. तबकडीतल्या बाईनं तान अशी घेतली की माज्या तोंडातनं ‘वा’ निघालं. तेवढ्यावर आबांनी फोनो थांबवला. म्हनले, बायका दाद द्यायला लागल्या, आता घरी जा. गवराबाई कडंवर पोर घिऊन आली होती. माज्यापायी तिला बी जावं लागलं.

गेनू : म्हनून आज सगळ्यांना बोलावलंस?

ठकूबाई : सगळ्यांना. आल्यात बी. ये गवराबाई. अगोबाई, कुसुमताई, तुमी? आबांची सून आमच्या दारी आली. पायरीवर नका बसू, वर या.

गेनू : त्यांच्या मागनं सासरा येतोय, ते बी बग.

दौलतराव : गेनू, फोनो केलास म्हणे.

गेनू : या आबा. केला म्हंजे, जमवलाय. वाजंल का न्हाई, ठावं न्हाई.

दौलतराव : कर्णा बरा वळलाय.

गेनू : वळला मी. सांध्याला डाग आळंदीच्या कल्हईवाल्यानं दिला.

दौलतराव : आणि तबकड्या?

गेनू : हाय एक. कडंला टवका गेलेली.

दौलतराव : एकच किती वेळा ऐकाल? माझ्याकडे कपाटभर आहेत. हव्या त्या न्या, पिनांची डबीही न्या. फक्त हे सगळं आत घ्या. बायकांनी दार लावून ऐकावं, माझं काही म्हणणं नाही.

गेनू : कपाटभर, ठकू.

ठकूबाई : ऐकलं मी. आन् दार न्हाई लावलं तर?

दौलतराव : तर पिनाही नाहीत. एक बाजू वाजली की पिन फेकून द्यावी लागते, बाई. चाकणला मिळत नाही ती. शेवटी माझ्याच दारी यायचंय. पाण्याला माझ्या विहिरीवर येतेस तसं.

गेनू : आबा, पान्याचं कशाला काढता?

दौलतराव : काढत नाही. आठवण करून देतो.

ठकूबाई : पानी इंद्रायनीवरनं आणीन. लांब पडंल, पडू दे. अहो, काटा बसवा.

दौलतराव : काटा? कसला?

ठकूबाई : बाभळीचा. चुलीपाशी वाळवून सूपभर ठेवलेत. झिजला की दुसरा. पिनंपरीस आवाज बारीक येतो, पर येतो.

गेनू : ठकू, आबा म्हनत्यात तसं केलं तर? कपाटभर तबकड्या, बग तरी.

ठकूबाई : त्या वाजतील, पर थांबवनार आबाच. चावी द्या तुमी.

गेनू : देतो, बाई.

दौलतराव : ही बाई गातेय का रेडा रेकतोय?

गेनू : तबकडी जड फिरतीया, म्हनून आवाज जाड येतोय.

दौलतराव : आत वंगण कसलं घातलंस?

गेनू : बैलगाडीचं. घट्ट हाय, टिकंल म्हनलं.

दौलतराव : अरे, ते घड्याळासारखं नाजूक काम. त्याला चाकाच्या आसाचं वंगण? झाली मैफल. कुसुम, हसतेस काय, चल घरी.

ठकूबाई : कुनी उठू नका. अहो, पेटी उघडा, रॉकेलनं समदं धुऊन काढा. कुसुमताई, तुमच्या शिवायच्या मशीनला बारीक तेल घालता न्हवं? थेंबभर मिळंल का?

दौलतराव : माझ्या घरातून तेल येणार नाही. कुसुम, ऐकलंस?

ठकूबाई : ऐकलं असंल. गेल्या बी त्या आणायला.

(बऱ्याच वेळाने. कर्ण्यातून बाईचा बारीक, स्वच्छ आवाज येतो आहे.)

गेनू : फिरलं. ठकू, फिरलं बग.

ठकूबाई : व्हय. आता गप ऐका.

दौलतराव : गाणं चालू असताना इतक्या बोलतात का बायका? ही गवरा तर प्रत्येक तानेला ‘वा’ म्हणतेय.

ठकूबाई : म्हनू द्या. त्यानं गानं थांबलं का?

दौलतराव : थांबलं नाही.

गेनू : ठकू, आबा अजून गेले न्हाईत. उनात उभे हायत.

ठकूबाई : आबा, वर या की. जागा हाय, बायकांच्या मागं.