गोठ्यासाठी नेलेली चौदा बोनेटे

दि. २०/०२/२०२५, गुरुवार, सकाळी ११.४० वाजता

मी ज्योतीराम आबाजी टेकाळे, वय ४७ वर्षे, धंदा नोकरी (क्वालिटी इन्स्पेक्टर), राहणार चिखली, मूळ राहणार तालुका भूम, जिल्हा धाराशिव. पोलीस ठाण्यात आपल्या पायांनी येऊन, विचारलेले आणि न विचारलेलेही सांगतो ते असे की,

मी पत्नी सुमन हिच्यासह वरील पत्त्यावर राहतो. चाकण एमआयडीसीत मोटारींचे पत्र्याचे भाग बनवणाऱ्या कंपनीत एकोणीस वर्षे नोकरीस आहे. कंपनीचे नाव फिर्यादीत आहे, परत लिहायची गरज नाही. तयार माल तपासणे हे माझे काम. खोट दिसली की मागच्या बाजूला मार्करने कारण, तारीख आणि 'ज्यो. टे.' असे लिहून माल बाजूला काढतो. कंपनीत मला माघारी 'चष्मा' म्हणतात, ते मला माहीत आहे.

आमची सुट्टी गुरुवारी असते. गेली चार वर्षे मी गुरुवारी जुन्या गावठाणांत लहान चित्रदालने शोधत फिरतो. चिंचवडगावात गिरणीच्या वरच्या खोलीत एक आहे. भोसरी गावठाणात तालमीच्या मागे एक आहे. बाहेर पाटी नसते. टपरीवर विचारावे लागते. दोघे-तिघे 'असलं काही नाही इथं' म्हणतात, मग एखादा आपल्याला खुळ्यात काढून गल्ली दाखवतो. यात मजा काय, असे हवालदार साहेबांनी विचारले. आठवडाभर मी नुसत्या खोटी बघतो, साहेब. एक दिवस दुसरे काहीतरी बघावेसे वाटते. हे लिहून घ्यावे ही विनंती केली, म्हणून लिहिले आहे.

दि. १३/०२/२०२५ रोजी, गुरुवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास मी चाकणच्या जुन्या पेठेत गेलो. भोसरीच्या दालनवाल्याने सांगितले होते की, भुईकोटाच्या अंगाला कोणी पत्र्यावर चित्रे काढतो. नाव त्याला ठाऊक नव्हते. पेठेत एका शिंप्याला विचारले तर तो म्हणाला, "बोनेटवाला व्हय? त्या निळ्या दारात जावा."

दार एका बाईने उघडले. तिचे नाव कुशाबाई, हे नंतर कळले. ती म्हणाली, "या की. चपला भाईर काढा. अन् हात लावू नगा, एक वलं हाय." आत पूर्वीच्या धान्याच्या दुकानाची खोली आहे, अंदाजे दहा बाय चौदा फूट. भिंतींवर मोटारीची चौदा बोनेटे टांगलेली होती व प्रत्येकावर चित्र होते. शिफ्ट सुटल्यावर बसमध्ये झोपलेल्या बाया. कँटीनची रांग. आंघोळीला बसलेला, साबणाने डोळे मिटलेला वेल्डर. मी इतक्या ठिकाणी हिंडलो, पण असे कुठे पाहिले नव्हते. एका चित्रात म्हातारीच्या गालाला खळी होती आणि ती खळी म्हणजे पत्र्याचा खरा पोचा होता. मी सवयीने मागे वाकून पाहिले. मागे लिहिले होते, 'डेंट, उजवीकडे, ४ मिमी. ज्यो. टे.' अक्षर माझेच होते. 

तेवढ्यात परसदारातून बाळाजी मुंगसे आला. तो आमच्याच कंपनीत रंगकाम विभागात पॉलिशला आहे, वय ५७. तेव्हापर्यंत घर त्याचे आहे हे मला माहीत नव्हते. त्याने हात जोडले. तो म्हणाला, "टेकाळेसाहेब, तुम्ही? च्या घ्या, पण कंपनीत कुणाला बोलू नका. सहा महिनं ऱ्हायलेत माझं रिटायर व्हायला." मी बरे म्हणालो. चहा घेतला. त्याच्या बायकोने, कुशाबाईने, दुसऱ्यांदाही दिला.

बोनेटे त्याच्याकडे कशी आली, याबाबत सांगतो. आमच्याकडे जुनी रीत होती. नापास माल गावाकडच्या कामगारांना गोठ्याच्या, खुराड्याच्या छपरासाठी देत. त्याचा गेटपास क्वालिटीवाला सही करून देतो. पासवर कारणाचा रकाना असतो. त्यात सगळ्यांचेच 'गोठा' लिहिलेले असते, मग घरी शेळी असो नसो. दोन वर्षांपूर्वी नियम बदलला व नापास माल फक्त भंगारच्या ठेकेदाराला द्यायचा ठरले. ती सूचना मी वाचली होती. तरी बाळाजी पास घेऊन आला की मी 'गोठा' लिहून सही करत होतो. त्याने म्हैस केव्हाच विकली, हे मला माहीत होते का, असे विचारता, होय, माहीत होते. त्यानेच डबा खाताना सांगितले होते. मी कधी विचारले नाही, त्याने कधी खोटे सांगितले नाही. रंग कंपनीचा नव्हता. दुकानातून आणलेले डबे मी तिथे पाहिले.

त्याच दिवशी सायंकाळी सात वाजता मला अवदसा आठवली. आमच्या विभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी सहा फोटो टाकले. खाली लिहिले, 'आपल्या बाळाजीभाऊंची कला, चाकण पेठ, निळे दार, जरूर भेट द्या.' एक फोटो मागच्या बाजूचा होता. त्यात माझे अक्षर आणि पार्ट नंबर स्वच्छ दिसत होता. का टाकले, तर मला राहवले नाही. माणसाने गप्प राहा म्हणून हात जोडले, त्याच्या घरचा दोनदा चहा प्यालो आणि संध्याकाळी त्याचा पत्ता साठ जणांना वाटला. हवालदार साहेब म्हणाले, एवढे लिहायची गरज नाही. मी म्हणालो, आहे.

दि. १४/०२/२०२५ रोजी कंपनीचे सुरक्षा अधिकारी दिग्विजय साहेब यांनी मला फोटोबाबत विचारले. दि. १७/०२/२०२५ रोजी कंपनीने बाळाजीवर चोरीची फिर्याद दिली. त्याच दिवशी दुपारी पंचनामा होऊन बोनेटे टेम्पोत भरली. ओळख पटवण्यासाठी मला नेले होते. चढवताना एकमेकांवर घासू नयेत म्हणून कुशाबाई मधे गोधड्या घालत होती. मला पाहून ती म्हणाली, "तुमीच आला हुता न्हवं त्या दिशी?" मी व्हय म्हणालो. ती गोधड्या घालत राहिली.

काल दि. १९/०२/२०२५ रोजी दुपारी तीन वाजता दिग्विजय साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावले. टेबलावर टाइप केलेला कागद होता. 'गेटपासवरील सह्या माझ्या नसून त्या कोणीतरी बनावट केलेल्या आहेत' असा मजकूर होता. ते म्हणाले, "टेकाळे, सह्या नाकारा. तुमची नोकरी राहील. त्याचं काय, तसाही रिटायरच होतोय." मी म्हणालो, त्याला चोर ठरवलं तर त्याची ग्रॅच्युइटी अडकेल आणि अटक होईल ती वेगळीच. ते म्हणाले, "मग तुमची अडकू दे." कागद मी घरी आणला. सुमनने तो वाचला आणि मला विचारले, "अहो, सही कुणाची आहे?" मी माझी म्हणालो. "मग यात विचार कसला करताय?" असे म्हणून ती स्वयंपाकाला लागली, पण भाजीत मीठ घालायचे विसरली. सदरचा कागद सोबत जमा करत आहे. त्यावर मी सही केलेली नाही.

हवालदार साहेबांनी मला समज दिली की, या जबाबामुळे कंपनी माझ्यावरही कारवाई करू शकते, बाहेर जाऊन पाणी पिऊन या, विचार करा. मी बाहेर गेलो. चौकशीला बोलावलेला बाळाजी बाकावर बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. मी पाणी न पिता परत आलो.

तरी माझे म्हणणे असे की, बाळाजी मुंगसे याने एकही बोनेट चोरलेले नाही. चौदाही बोनेटे मी नापास केली, मी पास दिले व 'गोठा' हा शब्द मी लिहिला. त्यातला एकही शब्द त्याच्या सांगण्यावरून नाही. मला भीती वाटते का, असे कोणी विचारले नाही, पण वाटते.

येणेप्रमाणे लिहिलेले हवालदार साहेबांनी मला मराठीत सावकाश वाचून दाखवले. मी ऐकले, ते माझ्या सांगण्याबरहुकूम आहे. खाली सही करतो. ती चौदाही गेटपासवरच्या सह्यांशी जुळवून पाहावी.

ज्यो. आ. टेकाळे