तुटलेला सूर

सनई सगळे ऐकतात, पण तिच्याशेजारी एकच सूर धरून बसलेल्याकडे कोणी बघत नाही. महाराष्ट्र नुकताच झाला होता तेव्हा आमच्या अमडापुरात सनई वाजवणारे बाबा मला तो सूर धरायला शिकवायचे. तोंडानं फुंकता फुंकता नाकानं श्वास घ्यायचा, म्हणजे सूर तुटत नाही. वर्षभर माझा तुटतच होता. गाल दुखायचे, रडू यायचं.

"मले नाही जमत," मी म्हणायचो.

"मंग उद्या पुन्हा बसू," बाबा म्हणायचे.

एका लग्नात त्यांचा साथीदार तापानं पडला, म्हणून मला बसवलं. वरात मांडवात शिरली, नवरदेवाचे मामा समोर उभे राहिले आणि माझा सूर तुटला.

मामा बाबांना म्हणाले, "पोराले काऊन बसवलं बे?"

बाबांनी चाल अर्ध्यात सोडली आणि स्वतःच माझा सूर धरला. डोळ्यांनी मला खुणावत राहिले. मी श्वास भरला, पुन्हा फुंकलं आणि सूर लागला. तेव्हाच ते पुन्हा चालीवर गेले. मग शेवटपर्यंत तो तुटला नाही.

घरी जाताना मी विचारलं, "बाबा, माह्यापायी तुमची अब्रू गेली न?"

"अब्रू कायची? माहाच दम संपून राह्यला होता. तू वेळेवर आला म्हणून वाचलो."